बोटीची किल्ली पुण्याला आणि पाणी दारात

गेल्या महिन्याच्या सभेत आपल्या जुन्या मदत पथकाच्या जागेचा विषय निघाला आणि अर्ध्या तासात तीन पक्ष पडले. पहिला म्हणतो, जागा पार्टी प्लॉटसाठी द्या, भाड्यावर मंडळ चालेल. दुसरा म्हणतो, पथक वाडवडिलांचे आहे, तिथली एक वीट हलवू देणार नाही. तिसरा पक्ष बाग करा म्हणणाऱ्यांचा. त्यांचे कोणी ऐकून घेतले नाही, कारण तोवर चहा आला होता. मी या तिसऱ्यांपैकी. सभेत बोलायचे राहिले ते इथे लिहितो.

नव्या सुनांना आणि मुलांना पथक म्हणजे काय हे ठाऊक नसेल. विश्वामित्रीला पूर आला की आपली तरणीबांड मुले दोरखंड घेऊन निघत. गणपती विसर्जनाला सुरसागरच्या काठावर रात्रभर उभी राहत. मेटॅडोरची एक ॲम्ब्युलन्स होती, ती रात्री-बेरात्री कोणाच्याही दाराशी जाई, पैसे मागत नसे. माझे वडील दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून संध्याकाळी पथकात मुलांना पोहण्याचे व बुडत्याला बाहेर काढण्याचे धडे देत.

ते का थांबले याबद्दल उगाच कोणाला दोष देऊ नये. २००७ साली गुजरातेत १०८ ची सेवा सुरू झाली आणि आपली मेटॅडोर कोणी बोलावीना. एनडीआरएफची बटालियन जरोदला, म्हणजे दारातच. मुले शिकली आणि पुणे, बंगळूर, कॅनडा अशी पांगली. पथक कोणी बंद केले नाही, वर्गणीची वही तेवढी कोरी पडत गेली.

आता उरले आहे ते असे: नदीपासून हाकेच्या अंतरावरची मोकळी जागा, एक पत्र्याची शेड, चारही टायर बसलेली मेटॅडोर, दोन रबरी बोटी, आणि दोन बँकांतल्या मुदत ठेवी. मी तीन वर्षे पथकाचा हिशेबनीस होतो. त्या तीन वर्षांत मी ठेवींचे नूतनीकरण केले आणि दुसरे काहीही केले नाही. तेव्हा पुढे जे लिहितो त्यातला वाटा माझ्याही माथी आहेच.

ऑगस्ट २०२४ आठवा. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी गेले ३५ फुटांच्या वर. आपल्यातली कितीतरी घरे दोन-दोन दिवस वरच्या मजल्यावर अडकली. तेव्हा कोणाला तरी पथकाच्या बोटी आठवल्या. किल्ली कोणाकडे? ज्या विश्वस्तांकडे होती ते मुलाकडे पुण्याला. कुलूप तोडले. बोट उलगडायला घेतली तर घडीवरचे रबर पापडासारखे हातात आले. आमच्या गल्लीत दूध पोचवले ते पलीकडच्या सोसायटीतल्या गुजराती मुलांनी, ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून. मी खिडकीतून पातेले खाली सोडले, त्यांनी भरून दिले. काय वाटले ते लिहीत नाही.

‘वीट हलवू नका’ म्हणणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच. इतकी वर्षे कोणी वीट हलवली नाही, त्याचेच हे फळ. आणि बँकेत बसणारा माणूस म्हणून आणखी एक सांगतो. दोन वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय धरतात. दहा वर्षे कोणी विचारले नाही की शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. २०१४ पासून हा नियम आहे. मागितली तर परत मिळते, पण मागणारा अधिकृत विश्वस्त लागतो. आपल्या विश्वस्तांपैकी चार कैलासवासी झाले आणि बदल अहवाल कोणी भरलेला नाही. तो ९० दिवसांत भरायचा असतो.

आता पार्टी प्लॉटवाले. त्यांचा हिशेब मला कळतो, मंडळाकडे पैसे नाहीत हे खरे आहे. पण ही जागा मंडळाची नव्हे, सार्वजनिक न्यासाची. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे चॅरिटी कमिशनरच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, आणि अशी बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. संस्था विसर्जित केली तरी १८६० चा सोसायटी कायदा सांगतो की मालमत्ता सभासदांत वाटायची नाही. हात वर करून ठराव मंजूर झाला म्हणजे काम झाले, असे सभेत एक जण म्हणाले. तसे नसते, भाऊसाहेब.

कायदा बाजूला ठेवला तरी जागा खोलगट आहे. दर मोठ्या पुरात तिथे पाणी भरणार. फरसबंदी करून मांडव, रसोडे आणि जनरेटर बसवले की ते पाणी शेजाऱ्यांच्या ओट्यावर चढेल. बागेत पाणी भरले तर चिखल काढावा लागेल, झाडे राहतील. (मगर आली तर पार्टी प्लॉटमधल्या वऱ्हाडापेक्षा बागेत आलेली बरी, असे आमची आई म्हणते.)

मूळ उद्देश पुरा करणे अशक्य झाले तर काय करायचे याची वाटही त्याच कायद्यात, ५५ व्या कलमात आहे: चॅरिटी कमिशनरमार्फत न्यायालयाचे निर्देश घ्यायचे. वेळ लागेल. ठेवींच्या व्याजात माळी आणि पाण्याचे बिल निघेल, बांधकाम निघणार नाही, आणि नाही निघत तेच बरे.

पण बागवाल्यांनाही, म्हणजे माझ्याच पक्षाला, एक गोष्ट ऐकवली पाहिजे. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात सहलीला आलेली १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. बोटीत जास्त माणसे भरलेली, अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नाही. तलाव सुशोभित करून झाला होता. पाण्यात उडी मारून हात धरणारा माणूस तयार ठेवणे हे सुशोभनात बसत नसावे. आपली बाग अशी नको. शेड पाडू नये. तिच्यात नवी बोट, दोर, जॅकेटे असावीत, किल्ली गल्लीतल्याच दोन घरांत असावी, आणि उन्हाळ्यात मुलांना पोहण्याच्या तलावावर नेऊन शिकवावे. न्यायालयापुढेही हे सांगता येईल की उद्देश सगळा सोडलेला नाही.

राहिला ‘आपली’ जागा सर्वांना कशी द्यायची हा प्रश्न. काही ज्येष्ठांना भीती वाटते की बाग झाली की मराठी नाव पुसले जाईल. महाराजांची कमाटी बाग १८७९ पासून आहे. तिच्या फाटकावर कोणाला मातृभाषा विचारत नाहीत, तरी ती कोणी दिली हे बडोद्यात पोरासोरांना ठाऊक आहे. २०१९ च्या पुरात एका फौजदाराने गळ्याइतक्या पाण्यातून तान्ही मुलगी टबात घालून डोक्यावर वाहून नेली. मुलगी कोणत्या समाजाची हे त्याने आधी विचारले नसणार. आपल्या वडिलांनीही कधी विचारले नाही. पाटी गुजराती आणि मराठी दोन्हींत लावा, त्यावर पथकाचे नाव घाला. देणगीदारांची नावे मात्र नकोत, नाहीतर अक्षरांच्या आकारावरून आणखी एक सभा घ्यावी लागेल.

पुढच्या सभेआधी एक काम आहे. ज्यांच्या घरी पथकाच्या जुन्या पावत्या, इतिवृत्ताच्या वह्या किंवा जागेच्या बक्षीसपत्राची नक्कल असेल त्यांनी झेरॉक्स माझ्याकडे आणून द्यावी. मूळ कागद देऊ नये, मीही तीन वर्षे हिशेबनीस होतो हे वर लिहिलेच आहे.