सबसिडी कुणाची, निवेदन कुणाचं?

गेल्या दिवाळीनंतर गाझियाबादच्या वसुंधरा भागातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निवेदन फिरलं. खासदारांना द्यायचं होतं. मजकूर जेमतेम दोन ओळींचा: जीवाश्म इंधनावरची सर्व सरकारी सबसिडी ताबडतोब बंद करावी आणि तो पैसा सौर ऊर्जेकडे वळवावा. खाली पटापट सह्या पडत होत्या. पडणारच. बाहेर समोरची इमारत दिसत नव्हती आणि घराघरात लहान मुलं खोकत होती. 2019 सालच्या आयक्यूएअरच्या जागतिक यादीत हेच गाझियाबाद जगातलं सर्वांत प्रदूषित शहर ठरलं होतं. त्या वर्षी इथल्या हवेतल्या पीएम 2.5 कणांची सरासरी 110.2 होती, आणि जागतिक आरोग्य संघटनेची तेव्हाची मर्यादा होती 10.

मी सही केली नाही. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, तुम्ही कोळसा लॉबीचे का? मी मूळचा चंद्रपूरचा. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते हे मला कुणी शिकवायला नको. प्रश्न 'सर्व' या शब्दाचा होता.

'इंधनावरची सबसिडी' म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर काय येतं? पेट्रोलचे दर 2010 मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे 2014 मध्ये. सर्वसाधारण ग्राहकाच्या खात्यात येणारी गॅसची सबसिडी 2020 च्या मे महिन्यापासून जवळपास शून्यावर आली आणि मार्च 2023 मध्ये दिल्लीत सिलिंडर 1,103 रुपयांना गेला. आता डोळ्यांना दिसणारी, नावानिशी खात्यात जमा होणारी एकच सबसिडी उरली आहे. ती म्हणजे उज्ज्वलाची. निवेदनात 'सर्व' लिहिलं की कात्री पहिल्यांदा तिथेच लागते, कारण तिच्यामागे ना कंपनी आहे ना वकील.

आमच्या मजल्यावर घरकामाला येणाऱ्या ताई खोड्यात भाड्याच्या खोलीत राहतात. गावाकडून, बदायूंहून आणलेलं उज्ज्वलाचं कार्ड त्यांच्याकडे आहे. निवेदनाबद्दल मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मग भैया, मॅडम लोक पण गॅस सोडणार का?" सिलिंडर महाग झाला होता त्या वर्षी सकाळचा चहा गॅसवर आणि भाकरी-भाजी लाकडांवर, असं त्यांनी चालवलं. खोली दहा बाय दहाची, खिडकी नाही. हवेचा निर्देशांक मोजणारं यंत्र तिथे कुणी लावत नाही.

हिशेब बघा. केंद्रीय मंत्रिमंडळानं 2025-26 साठी उज्ज्वलाच्या सबसिडीला 12,000 कोटी रुपये मंजूर केले. सिलिंडरमागे 300 रुपये, वर्षाला जास्तीत जास्त नऊ सिलिंडर. जोडण्या 10 कोटी 33 लाख. म्हणजे एका बाईमागे वर्षाला साधारण 1,160 रुपये. सरकारचेच आकडे सांगतात की उज्ज्वलाचं घर 2019-20 मध्ये वर्षाला सरासरी तीनच सिलिंडर भरत होतं, ते 2024-25 मध्ये साडेचारपर्यंत पोहोचलं. उरलेल्या महिन्यांत चूल कशावर पेटते, याचं उत्तर त्यातच आहे.

दुसरीकडे निवेदनात मागितलेली सौर ऊर्जा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपये मिळतात. एका छपराचे हे पैसे म्हणजे सदुसष्ट उज्ज्वला जोडण्यांची वर्षभराची सबसिडी. मला सौर ऊर्जेचा राग नाही, पण ती मिळवायला आधी स्वतःचं छप्पर लागतं. या देशात छप्पर आणि जमीन कुणाच्या नावावर आहे, हे या पोर्टलच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. (आमच्या लिफ्टच्या डिझेल जनरेटरचा उल्लेख निवेदनात नव्हता, हे जाता जाता.)

मग कोळशाचा पैसा कुठे दिसतो? तो कुणाच्या खात्यात 'जमा' होत नाही, म्हणून त्याला सबसिडी म्हणायची सवय आपल्याला नाही. जानेवारी 2024 मध्ये मंत्रिमंडळानं कोळशापासून वायू बनवण्याच्या प्रकल्पांना 8,500 कोटींचं प्रोत्साहन मंजूर केलं. मी ग्रुपवर विचारलं, हे कुणाला माहीत होतं का? कुणालाच नव्हतं.

उपकराची गोष्ट तर आणखी बोलकी. 2010 मध्ये कोळशावर टनामागे 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, 2016 पर्यंत तो 400 वर गेला. पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी वापरायचा होता. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तोच पैसा राज्यांची नुकसानभरपाई भागवायला गेला. 22 सप्टेंबर 2025 पासून उपकरच रद्द झाला. जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 टक्के केला खरा, पण गोळाबेरीज करता वीजकेंद्रांच्या कोळशावरचा कर टनामागे सरासरी 260 रुपयांनी कमी झाला, असं कोळसा मंत्रालयानंच अभिमानानं सांगितलं. तीनशे रुपयांच्या सिलिंडरवर 'रेवडी'ची चर्चा होते, इथे टनाटनाला सूट मिळते तिला 'सुधारणा' म्हणतात.

तिसरी सूट पैशांत लिहिलेलीच नाही. डिसेंबर 2015 मध्ये वीजकेंद्रांच्या धुरातला सल्फर काढण्याचे नियम आले, मुदत दोन वर्षांची. ती वाढत वाढत गेली. जुलै 2025 मध्ये पर्यावरण मंत्रालयानं वीजकेंद्रांचे अ, ब, क असे तीन वर्ग पक्के केले. राजधानी क्षेत्राजवळचे आणि दहा लाखांवरच्या शहरांजवळचे 'अ' वर्गात, त्यांना 2027 अखेरची मुदत. अतिप्रदूषित भागांजवळचे 'ब' वर्गात, तिथे तज्ज्ञ समिती एकेका केंद्राचं बघून ठरवणार. बाकी बहुतेक सगळे 'क' वर्गात, त्यांना मोकळीक. आमच्या शेजारच्या दादरीच्या केंद्रात ही यंत्रणा बसलीसुद्धा, कारण धूर दिल्लीकडे येतो. माझ्या चंद्रपूरचं 2,920 मेगावॅटचं केंद्र 'ब' वर्गात मोडतं. राख खाणारी माणसं वाट बघतील. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ते आता राजपत्रात हवेलाही लागू झालं आहे. यंत्रणेवरचा न झालेला खर्च कुणीतरी भरतोच. तो दवाखान्याच्या केसपेपरवर भरला जातो.

आणि प्रदूषण वाढलं की पहिली बंदी कुणावर? ग्रॅपचा वरचा टप्पा लागू झाला की बांधकामं थांबतात आणि गाझियाबादच्या लेबर चौकात उभा असलेला बुंदेलखंडचा, बिहारचा मजूर रिकाम्या हातानं परततो. ढाब्याच्या तंदुरीतला कोळसा बंद होतो. 1 जानेवारी 2023 पासून राजधानी क्षेत्रातल्या कारखान्यांना कोळसा बंद झाला, औष्णिक वीजकेंद्रांना मात्र त्यातून वगळलं. बंदी चुकीची होती असं मी म्हणत नाही. वगळलं कुणाला, ते बघा म्हणतो.

यावर आपल्यातलेच काही जण म्हणतात, कोळसा हा सवर्ण पर्यावरणवाद्यांचा विषय, आपल्याला स्वस्त वीज हवी. स्वस्त वीज हवीच. ऑक्टोबर 1943 मध्ये मजूरमंत्री या नात्यानं बाबासाहेबांनी वीज स्वस्त आणि मुबलक हवी अशी मांडणी केली, कारण त्यांना उद्योग हवे होते आणि शेतीवरचा माणसांचा भार कमी करायचा होता. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते धनबादच्या कोळसा पट्ट्यात गेले, खाणीत उतरले, कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. 1944 मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. त्याचा पैसा आला कुठून? खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावरच्या करातून. त्यातून कामगारांची घरं, दवाखाने, पाणी. म्हणजे कोळशावर उपकर लावून तो कोळशाचे चटके सोसणाऱ्यांवर खर्च करणं ही कल्पना कुठल्या परदेशी परिषदेतून आलेली नाही. ती आपल्या घरची आहे, आणि 2010 चा उपकर भरकटला तो याच ठिकाणी: पैसा कुणाचा, हे कायद्यात बांधलं गेलं नाही.

म्हणून मी दुसरं निवेदन लिहायला घेतलं. उज्ज्वलाला हात लावू नका, उलट नऊचे बारा सिलिंडर करा. कोळशावरचा उपकर परत आणा आणि त्याचा ठरावीक वाटा खाण, राख आणि धुराच्या पट्ट्यातल्या वस्त्यांवर खर्च करायचं कायद्यात लिहा. वायू प्रकल्पांचे 8,500 कोटी थांबवा. भाडेकरूंसाठी वस्तीत सामाईक सौर संच द्या, ज्याची वीज त्यांच्या बिलातून वजा होईल. आणि हे सगळं 'लक्ष घालावे' अशा मोघम विनंतीत संपवायचं नाही. खासदारांनी लोकसभेत लेखी प्रश्न विचारावा असं स्पष्ट मागायचं: उपकर रद्द झाल्यानं वीजकेंद्रांचे किती कोटी वाचले आणि उज्ज्वलावर किती खर्च झाले? मंत्र्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते नोंदीत राहतं. पुढच्या निवेदनाला तेच जोडता येतं. साउथबरो समितीपुढे 1919 मध्ये बाबासाहेब गेले ते आकडे आणि मुद्दे घेऊन, हे विसरू नये.

आमच्या ग्रुपवर या मजकुराला सहा सह्या मिळाल्या. एका निवृत्त गृहस्थांनी 'विषय राजकीय करू नका' असं लिहिलं. खोड्यात मात्र ताईंनी कागद दोन गल्ल्यांत फिरवला. एक्केचाळीस नावं आली, त्यातले नऊ अंगठे. काहींची मतदार यादी बदायूंचीच आहे, तेव्हा त्याची एक प्रत तिथल्या खासदारांनाही पाठवायचं ठरलं. शनिवारी दुपारी जायचं आहे. ताईंची एकच अट होती: पोच त्यांच्या हातात द्यायची.