मक्याच्या पिशवीवर "सहनशील" लिहिता, मग कशामुळं तेही लिहा



मक्याच्या बियाण्याच्या पिशवीवर "करपा सहनशील" असं छापलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच, की कशामुळं सहनशील तेही छापा. कारण आता ते शोधून काढता येतं.

कसं ते बघा. करप्याला बळी पडणारा मका आणि टिकणारा मका यांचा संकर करतात. पुढच्या पिढीतल्या झाडांवर मुद्दाम रोग सोडतात. कुठलं टिकलं, कुठलं करपलं याची नोंद ठेवतात. मग प्रत्येक झाडाचा डीएनए तपासतात. डीएनएत जागोजागी ओळखीच्या खुणा असतात, त्यांना मार्कर म्हणतात. जी खूण टिकलेल्या झाडांत सारखी दिसते आणि करपलेल्यांत सहसा दिसत नाही, तिच्या आसपास रोग अडवणारं जनुक असतं. मोजणीच्या दगडासारखंच हे. दगड म्हंजे जमीन नव्हे, पण दगड सापडला की हद्द कळते.

पानावर लांबट, राखाडी चट्टे पाडणारा टर्सिकम करपा आपल्या ओळखीचा. त्याला अडवणारं एचटीएन१ हे जनुक मेक्सिकोच्या पेपितिया या गावरान मक्यातून आलं. मक्याच्या १० गुणसूत्रांपैकी ते ८ व्यावर आहे. २०१५ साली झुरिक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसोबत ते नेमकं शोधून काढलं.

काहींना वाटतं हे बीटीसारखं आहे. तसं नाही. इथं मक्याचंच जनुक मक्यात, तेही नेहमीच्या संकरानं. फायदा एवढाच, की रोग यायची वाट बघावी लागत नाही, रोपाच्या पानाचा तुकडा तपासला तरी कळतं. आपल्या देशात अल्मोड्याच्या संस्थेनं मार्कर वापरून चांगल्या प्रथिनांचा विवेक क्यूपीएम ९ हा मका २००८ साली दिला. म्हंजे हे तंत्र आपल्याकडं नवीन नाही.

पण एका जनुकावर भिस्त ठेवू नये. करप्याच्या बुरशीच्या वेगवेगळ्या रेस असतात. एक जनुक एका रेसला अडवतं, दुसरी रेस त्याला जुमानत नाही. अमेरिकेत १९७० साली बहुतेक संकरित मक्यात एकच टेक्सास सायटोप्लाझम होतं. दुसऱ्या एका करप्याची नवी रेस आली आणि देशाचा सुमारे १५ टक्के मका गेला.

म्हणून बियाणं विकणाऱ्यांनी तीन गोष्टी सांगाव्यात. रोग अडवणारं जनुक कुठलं, एक का जास्त? लहान लहान बरीच मिळून काम करत असतील तर तसं लिहा. आपल्या भागातल्या बुरशीवर चाचणी झाली का? किती हंगाम?

करपा आला की दाणा बारीक राहतो आणि वैरणही जाते. दुभत्या जनावरांवाल्याला तो दुहेरी फटका. पैसे आपण मोजतो, मग विचारायचा हक्क पण आपलाच. यंदा बियाणं घेताना दुकानात हे तीन प्रश्न विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते इथं लिहा.