खिशातील चाकूची निवड

शेतकरी बंधूंनी खिशात बाळगावयाचा चाकू हत्यारांची संख्या पाहून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८९१ साली शिपायांसाठी पसंत केलेल्या चाकूत पाते, आरी, पेचकस व डबा उघडण्याचे हत्यार अशी चारच साधने होती. आपणांस सुतळी व ठिबकची नळी कापण्यास एक उत्तम पाते आणि तार पिळण्यास पक्कड असली म्हणजे बहुतेक काम भागते. मात्र उघडलेले पाते जागी पक्के धरणारी कळ अवश्य असावी. ती नसल्यास जोर देताना पाते मिटून बोटांवर येते. तसेच रोगट फांदी छाटलेले पाते निर्जंतुक केल्यावाचून निरोगी झाडास लावू नये. चार पैसे अधिक पडले तरी चालतील. बोट किंवा बाग गमावणे परवडणारे नाही.