मामाच्या घराण्याची चौकशी

विवाहसंबंध जुळविताना अनेक जैन घराण्यांत मामाचेही गोत्र विचारले जाते. परंतु ते टाळण्यापुरतेच. वधूचा एखादा मामा बालपणी दात पडल्यावर रक्त न थांबल्याने वारला होता काय, हा प्रश्न कोणाच्या मुखी येत नाही. हिमोफिलियाचा माग मात्र पुष्कळदा तेथेच लागतो.

रक्त गोठण्यास आवश्यक असलेल्या आठव्या व नवव्या घटकांची जनुके एक्स या गुणसूत्रावर असतात. स्त्रीजवळ एक्सच्या दोन प्रती असतात. जणू एकाच हिशेबाच्या दोन वह्या. एकीत चूक असली तरी दुसरीवर व्यवहार बहुधा निभावतो. पुत्राला ही वही आईकडून एकच मिळते. पित्याकडून त्यास वाय मिळतो, त्यावर हा हिशेब लिहिलेलाच नसतो. म्हणून वाहक मातेच्या प्रत्येक पुत्रास व्याधी होण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक कन्येस वाहक होण्याचीही निम्मी. पहिला मुलगा रुग्ण निघाला म्हणून दुसरा सुटेल, असे येथे नाही. रुग्ण पित्याकडून पुत्रांकडे व्याधी जात नाही. कन्या मात्र सर्व वाहक होतात, आणि आजोबांची व्याधी नातवात उमटू शकते.

इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिचा पुत्र लिओपोल्ड १८८४ साली पडण्याचे निमित्त होऊन निवर्तला. कन्या ॲलिस, नात ॲलेक्झांड्रा आणि तिच्यापोटी १९०४ साली जन्मलेला रशियाचा युवराज ॲलेक्सी, असा तो वारसा पुढे गेला. राणीच्या पूर्वजांत मात्र व्याधीची नोंद नाही. यात नवल नाही; सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कोणीच आजारी नसते. तेव्हा सुनेच्या माहेराला बोल लावणे अन्यायाचे तर आहेच, अज्ञानाचेही आहे.

भाऊ रुग्ण असल्यास बहिणीची तपासणी विवाहापूर्वीच व्हावी. केवळ घटकाची पातळी पाहून भागत नाही, कारण वाहक स्त्रीतही ती योग्य असू शकते. प्रथम भावाच्या जनुकातील नेमका बदल शोधतात, मग तो बहिणीत आहे काय ते पाहतात. स्थळ मोडेल या भयाने हे झाकले, तर त्याची किंमत बहुधा प्रसूतिगृहात मोजावी लागते. डॉक्टरांना पूर्वकल्पना असल्यास बाळाच्या डोक्याला चिमटा किंवा ओढून घेणारे उपकरण लावण्याचे ते टाळतात, नाळेतील रक्त तत्काळ तपासणीस धाडतात आणि निष्कर्ष येईपर्यंत बाळाच्या स्नायूत सुई टोचत नाहीत.