जोत्तोचे शोकाकुल देवदूत

इटलीतील पादुआ शहरी विटांचे एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. एन्रिको स्क्रोवेन्यी नावाच्या धनिकाने ते बांधविले. याच्या सावकार पित्याला महाकवी दान्ते याने आपल्या काव्यात नरकात बसविले आहे. यावरून त्या घराण्याच्या लौकिकाची वाचकांना कल्पना यावी! १३०५ च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या जोत्तोने या मंदिराच्या भिंती रंगविल्या.

जोत्तोपूर्वीच्या धर्मचित्रांत दुःख नव्हते असे नाही. परंतु ते बहुधा ठरीव मुद्रांनी सुचविले जाई. सोनेरी पार्श्वभूमीवरील त्या आकृती भक्ताने दुरूनच वंदाव्यात अशा असत. जोत्तोने त्यांना भूमीवर आणले.

येथील ख्रिस्तविलापाचे चित्र पाहा. क्रूसावरून उतरविलेल्या पुत्राच्या गळ्याभोवती हात टाकून माता मेरी त्याचे मुख न्याहाळीत आहे. मागच्या खडकाची तिरपी कड आपली दृष्टी थेट त्या दोन मुखांकडे नेते. खडकावर एकच निष्पर्ण वृक्ष आहे. आकाशातील देवदूतही स्वस्थ नाहीत. कोणी हात पसरले आहेत, कोणी गालांशी नेले आहेत. आणि पुढे दोघीजणी चक्क आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत! त्यांचे चेहरे दिसत नाहीत, तरी त्यांच्या वाकलेल्या खांद्यांवरून सारे कळते. पूजेच्या चित्रात अशा पाठमोऱ्या आकृतींना एवढे महत्त्वाचे स्थान देण्यास मोठे धैर्य लागले असेल. त्यांच्यामुळे पाहणाराही नकळत त्या शोकमंडळात जाऊन बसतो.

ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर, तो वाळण्यापूर्वी, एका दिवसात जेवढे साधेल तेवढेच काम करावयाचे, अशी ही भित्तिचित्रांची पद्धती. गिलाव्याबरोबर रंगही भिंतीत मुरतो. निळा रंग मात्र वाळलेल्या भिंतीवर द्यावा लागे. म्हणून तो पुष्कळ ठिकाणी उडाला आहे.

१९४४ च्या मार्चमध्ये पादुआवर बाँबवर्षाव झाला. शेजारच्या एरेमितानी चर्चमधील मांतेन्याची बहुतेक भित्तिचित्रे धुळीस मिळाली. काही पावलांवरील जोत्तोचे मंदिर तेवढे वाचले. २०२१ साली युनेस्कोने पादुआच्या चौदाव्या शतकातील भित्तिचित्रांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. आता भीती आहे ती पाहुण्यांच्या श्वासातील दमटपणाची आणि कपड्यांवरच्या धुळीची. म्हणून आत सोडण्यापूर्वी प्रेक्षकांना एका बंदिस्त दालनात सुमारे १५ मिनिटे बसवितात, आणि मग थोड्या वेळासाठीच चित्रांपुढे जाऊ देतात.