‘ताई झाल्या ना मुख्यमंत्री!’

गोव्यात बायकांना कोण अडवतो, असा सवाल केला की उत्तर तयार असते: आमच्याकडे 1973 सालीच ताई मुख्यमंत्री झाल्या! शशिकलाताई काकोडकर 1967 साली पेडण्यातून आणि 1972 साली डिचोलीतून निवडून आल्या, मुख्यमंत्री असलेले भाऊसाहेब बांदोडकर गेल्यावर मुख्यमंत्री झाल्या, हे खरेच. दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना संरक्षण देणारा 1975 चा मुंडकार कायदा आणि 1976 ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती त्यांच्याच काळातली. त्यांच्या कर्तबगारीवर शंका घेणाऱ्याने हे दोन कायदे वाचावेत. पण 1979 साली त्यांचे सरकार गेले आणि त्यानंतर आजवर दुसरी बाई त्या खुर्चीवर बसली नाही. 2022 साली चाळीस जणांच्या विधानसभेत तीन बायका आल्या: दिव्या राणे, जेनिफर मोन्सेरात, दिलायला लोबो. तिघींचेही पती त्याच सभागृहात आमदार. त्या तिघींच्या पात्रतेला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो पक्षांना: सत्तेतल्या घराबाहेरची एकही बाई तुम्हाला निवडून आणता आली नाही?

म्हणे, लायक उमेदवारच मिळत नाहीत. पेडण्यात तर मिळतात! अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला गोव्यातला हा एकमेव मतदारसंघ. तिथे प्रत्येक पक्ष उमेदवार शोधून काढतो, कारण शोधावाच लागतो. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 साली मिळाला, पण 2022 च्या निवडणुकीतही त्यांच्यासाठी एकही जागा राखीव नव्हती. माणसे होतीच, शोधण्याची सक्ती नव्हती. बायकांचेही तेच.

यावर पंचायतीचा दाखला पुढे येतो. बायकांना आरक्षण दिले तरी कारभार नवराच करतो ना? एखाद्या पाक्षिक बैठकीत नीट बघा. पंच बाई खुर्चीवर, नवरा शेजारी फाईल मांडीवर घेऊन. सचिव कागद उघडतो आणि मान वळवतो ती नवऱ्याकडे: “पात्रांव, हो ठराव पळयात.” बाईंपुढे कागद येतो तो सहीपुरता. दोष बाईंच्या माथी मारण्याआधी ती वळलेली मान बघा. कुठल्याही नियमात न लिहिलेली अडवणूक ती हीच, आणि कचेरीत, बँकेत, कारखान्यातही ती अशीच चालते.

‘बायकांनाच वरची जबाबदारी नको असते’ हा तर सर्वात सोयीचा आरोप. डिचोलीच्या लोहखाणी घ्या. 1952 च्या खाण कायद्याने बाईला खाणीवर संध्याकाळी सातनंतर काम करायला मनाई होती. फोरमन, मॅनेजर व्हायचे तर खाणीवरचा अनुभव मोजतात. रात्रपाळीच बंद म्हटल्यावर तो साठणार कसा? केंद्राने ही मनाई 2019 साली सैल केली, तेव्हा गोव्यातल्या खाणी मार्च 2018 पासून बंदच होत्या. दोन पिढ्यांच्या मुलींनी या वाटेचा विचारच केला नाही, आणि आता त्यांना विचारतात, तुम्ही पुढे का आला नाहीत?

डिचोलीत खाणीचे काम पुन्हा सुरू झाले आहे, पेडण्यात मोपाचा विमानतळ 2022 साली उभा राहिला. कायद्याने इथे मुलींना कुणी रोखत नाही, म्हणून आता बघायचे ते बढतीकडे. रात्रपाळी संपल्यावर घरी पोचवणारी गाडी हवी. मुलाखतीत लग्नाचा आणि मुलांचा प्रश्न पूर्ण बंद हवा. बढतीचे निकष आधीच फलकावर लागले पाहिजेत, आणि जिचे किंवा ज्याचे नाव यादीतून गळले, त्या प्रत्येकाला कारण सहीनिशी लेखी मिळाले पाहिजे.