माँट्रियलमधले पहिले घर
माँट्रियलला नव्याने आलेल्याची पहिली गाठ पडते ती घरभाड्याशी. इथले बहुतेक भाडेकरार १ जुलैला सुरू होतात. त्या दिवशी गल्लोगल्ली बाहेरच्या वळणदार लोखंडी जिन्यांवरून फ्रिज आणि गाद्या उतरत असतात. जाहिरातीतले ‘साडेतीन’ म्हणजे स्वयंपाकघर धरून तीन खोल्या, आणि अर्धे ते न्हाणीघर. इथल्या क्यूबेक प्रांताच्या कायद्याप्रमाणे घरमालकाला डिपॉझिट मागता येत नाही, हे आधीच ठाऊक असलेले बरे. दुसरी गाठ पडते ती भाषेशी. १९७७च्या भाषा कायद्यामुळे स्थलांतरितांच्या मुलांना सहसा फ्रेंच शाळेतच जावे लागते. २०२२च्या दुरुस्तीनंतर सरकारी कार्यालयेही, काही अपवाद वगळता, नवागताला येऊन सहा महिने झाले की त्याच्याशी फ्रेंचमध्येच बोलतात. मोठ्यांसाठी सरकारी फ्रेंच वर्ग मोफत आहेत. ते टाळणे महागात पडते. दुकानात इंग्रजीवर भागते, नोकरीच्या मुलाखतीत बहुधा नाही.